मंगळावरील पहिलें ठाणें

पत्रिकेंत मंगळ आहे एवढें कळतांच पुष्कळ घरांतून अद्यापि लग्नाची बोलणीं थांबतात. त्याच मंगळावर माणसांचें ठाणें वसविण्याच्या योजना आतां आंखल्या जात आहेत. संस्कृतांत या ग्रहास 'भौम' म्हणजे भूमिपुत्र म्हणतात; पण या भूमिपुत्राच्या घरीं भूमीच्या इतर लेकरांस श्वास घेण्याचीही सोय नाहीं. तेथील हवा आपल्या हवेच्या शतांशाहूनही विरळ, आणि तींत 95 टक्के कर्बाम्ल वायु.

ठाणें म्हटलें कीं घुमटाकार घरें आणि कांचेंतल्या बागा डोळ्यांपुढें येतात. माझ्या मतें पहिला प्रश्न घराचा नसून परतीचा आहे. 'मार्स वन' या डच संस्थेनें 2012 सालीं परतीवांचूनच माणसें धाडण्याचा बेत जाहीर केला होता. अर्ज करणारे हजारों निघाले! 2019 मध्यें तिच्या व्यापारी शाखेचें दिवाळें वाजलें, हें त्या अर्जदारांचें भाग्यच म्हणावयाचें.

चार माणसांस मंगळावरून वर उडवावयाचें, तर अग्निबाणास सुमारें 7 टन इंधन आणि तें जाळण्यास 25 टन प्राणवायु लागेल, असा अंदाज आहे. एवढें ओझें येथून वाहून नेणें परवडणारें नाहीं. तेव्हां प्राणवायु तेथल्याच हवेंतून काढला पाहिजे. हें साधतें, याचा दाखला 2021 सालीं मिळाला. नासाच्या 'पर्सिव्हरन्स' गाडीवरील 'मॉक्सी' नामक पेटीनें कर्बाम्ल वायु सुमारें 800 अंश उष्णतेंत फोडून प्राणवायु वेगळा केला. 2023 पर्यंत सोळा वेळां मिळून निघाला तो 122 ग्रॅम. वाण्याच्या तराजूंत अर्धा पाव देखील पुरा भरला नसता. वेग जास्तींत जास्त ताशीं 12 ग्रॅम.

परतीची टाकी भरावयाची, तर दोनशें पटींहून मोठ्या यंत्राला ताशीं अडीच किलोप्रमाणें चौदा महिने रात्रंदिवस चालावें लागेल, आणि तेंही जवळ माणूस नसतांना. सूर्यशक्तीवर भिस्त ठेवावी, तर 2018 च्या धुळीच्या वादळांत 'ऑपॉर्च्युनिटी' गाडी कायमची मुकी झाली. म्हणून अणुशक्तीचा विचार चालला आहे.

टाकी भरल्याची वार्ता येथें पोंचल्यावांचून माणसांचें यान हलूं नये, असें मला वाटतें. पृथ्वीवरून निघण्यास सोयीची वेळ सुमारें 26 महिन्यांनीं एकदां येते. यंत्र पोंचण्यास सात महिने धरले आणि टाकी भरण्यास चौदा, तर एकवीस झाले. उरली पांच महिन्यांची सवड. तेवढ्यांत यंत्र बिघडून पडलें, तर माणसांनीं आणखी दोन वर्षें येथेंच थांबावें.