त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं

दावीद राजाच्या कारकिर्दीत इस्राएलात लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. राजाने देवाला कारण विचारलं. उत्तर आलं, की आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांची कत्तल केली होती, ते पातक अजून फिटलेलं नाही. गिबोनींना सोनं-चांदी नको होती. त्यांनी शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले आणि दावीदाने ते दिले. त्यांतले पाच शौलाच्या मुलीचे मुलगे, आणि दोघे रिस्पा या त्याच्या उपपत्नीचे. जवाची कापणी सुरू होत होती, म्हणजे एप्रिलचा सुमार. सातही जणांना डोंगरावर टांगलं आणि प्रेतं तशीच ठेवली.

रिस्पा डोंगरावर गेली. खडकावर गोणपाट अंथरून बसली. दिवसा पाखरं हाकायची, रात्री जनावरं. पाऊस पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. त्या मुलखात नेमाचा पाऊस ऑक्टोबरात येतो. त्या वर्षी तो अवकाळी, लवकर आला असावा असं मानणारे अभ्यासकही आहेत. तो हिशेब काहीही असो, सातांतले पाच तिच्या पोटचे नव्हते, सवतीचे नातू होते, आणि तिने राखण केली ती सगळ्यांची. टांगलेलं प्रेत रात्रभर तसं ठेवू नये, त्याच दिवशी पुरावं, असं मोशेचं नियमशास्त्र स्पष्ट सांगतं. म्हणजे कायदा तिच्या बाजूने होता आणि राजा कायद्याच्या बाहेर. तरी ती राजवाड्यावर दाद मागायला गेली नाही. अख्ख्या बायबलमध्ये तिच्या तोंडी एक वाक्य नाही.

दावीदाच्या कानावर हे गेलं. मग त्याने याबेश-गिलादहून शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, टांगलेल्यांच्याही गोळा करवल्या, आणि शौलाच्या बापाच्या कबरीत दफन करवलं. त्यानंतर देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली, असं २ शमुवेलच्या एकविसाव्या अध्यायात म्हटलं आहे. त्यानंतर म्हणजे दफनानंतर, फाशीनंतर नव्हे. हा क्रम लिहिणाऱ्याच्या हातून सहज झाला असेल असं मला वाटत नाही.

मोशेला जळत्या झुडपातून हाक आली होती, शमुवेलाला रात्री नाव घेऊन. रिस्पाला कुणीच हाक मारली नाही. बायबल म्हटलं की आपल्याला मरीया आठवते, फार तर हव्वा. पण कसलाही आदेश नसताना, केवळ स्वतःच्या निवाड्यावर उभ्या राहिलेल्या बायका त्यात आणखीही आहेत.

शिप्रा आणि पुवा या सुईणी त्यांतल्याच. हिब्री बाईला मुलगा झाला तर मारा, असा मिसरच्या फारोचा हुकूम. त्यांनी तो पाळला नाही. जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितलं, की हिब्री बायका भारी चपळ. आम्ही पोचायच्या आतच मोकळ्या होतात. बाळंतपणातलं राजाला काय कळणार, हे त्या पक्कं ओळखून होत्या. पुढे संत ऑगस्टीनने बजावलं, की खोटं ते खोटंच, देवाने फळ दिलं ते त्यांच्या दयेचं. फारोपुढे उभं राहायची वेळ ऑगस्टीनवर आली नव्हती, एवढंच म्हणतो. निर्गमाच्या लेखकाने सुईणींची नावं जपली, फारोचं मात्र कुठेच सांगितलं नाही.

बायबलमधला हा सगळा मजकूर पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रूवरून मराठीत आणला. त्यांचं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्याचे खिळे जुळवले ते केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच.

रिस्पा गप्प राहिली; बायबलमधल्याच सलाफहादच्या पाच मुलींनी मात्र तोंड उघडलं. बाप वाळवंटात वारला, भाऊ नव्हता. मोशे, याजक आणि सगळी मंडळी जमलेली असताना त्यांनी वतनात वाटा मागितला. मोशेला निकाल देता येईना. त्याने देवाला विचारलं, आणि मुलींचं म्हणणं रास्त ठरलं. मग वंशातल्या वडीलधाऱ्यांनी कुरकूर केली, की या परवंशात लग्न करून गेल्या तर जमीनही जाईल. म्हणून आपल्याच वंशात लग्न करायची अट आली. पाचही जणींनी चुलतभावांशी लग्नं केली. अधिकार मिळाला, पण कात्री लावून.

१९१० साली शोमरोनच्या उत्खननात इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली लिहिलेली खापरं सापडली. त्यांवर द्राक्षारस आणि तेल कुठून आलं याच्या नोंदी आहेत, आणि त्यांत मुलखांची नावं म्हणून या पाचांपैकी दोघींची नावं येतात: नोआ आणि होग्ला.