थळचा एक दाणा आणि पाऊण मालगाडी

खंदेरीसमोरच्या थळला आरसीएफचा खतकारखाना आहे. तिथल्या युरियाचा एक दाणा तळहातावर घ्या. पांढरा, गोल, दोन मिलिमीटरहून जरासा मोठा. वजन जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. आता काडतुसात दारू मोजून भरणाऱ्यांचा दांडीचा तराजू आठवा. त्यावरचा सगळ्यात बारीक भाग एक दशांश ग्रेनचा, म्हणजे 6.48 मिलिग्रॅम. हा तर आपला दाणाच!

केवढासा हा भाग? 11.66 ग्रॅमच्या जुन्या तोळ्याचे 1,800 भाग करा, त्यातला एक. सोन्याला तोळ्यामागे 1,80,000 रुपये धरा, तर शंभराची एक नोट. मुंबई-पुणे 150 किलोमीटर म्हणजे एक तोळा धरा, तर 83 मीटर, लोकलचे चार डबे!

आता गोणीकडे चला. 45 किलोच्या गोणीत असे जवळजवळ 70 लाख दाणे. थळची क्षमता वर्षाला सुमारे 20 लाख टन, म्हणजे 4 कोटी 44 लाख गोण्या! गोणी पाऊण मीटरची धरून ओळीने मांडल्या तर मुंबई-पुणे अंतर 222 वेळा भरेल. तोलताना गोणीमागे एकच दाणा चुकला तर वर्षाकाठी 288 किलो, साडेसहा गोण्याही नाहीत. पण हजारात एक चुकला, गोणीमागे 45 ग्रॅम, नुसती मूठभर? 2,000 टन! 2,600 टनांची मालगाडी पाऊण भरली. गोणी 266 रुपयांची धरली तरी एक कोटी अठरा लाख!

म्हणून एकदाच बरोबर दाखवणाऱ्या तराजूचं मला कौतुक नाही. पारडं उचलून सोडा, काटा त्याच रेघेवर आला पाहिजे. दहाही वेळा. तो दर वेळी तेवढंच जास्त दाखवत असेल तर स्क्रू फिरवून शून्य जुळवता येतं. आज इकडे, उद्या तिकडे गेला तर काय जुळवणार? दांडीची धार बोथट झाली, खाली धुळीचा कण अडकला, पंख्याची झुळूक लागली, की झालं. काडतुसात 25 ग्रेन दारू असेल, तर एका दाण्याएवढी चूक म्हणजे हजारात चार!

आणि ज्यावरून जगाचा किलो ठरायचा, तो पॅरिसजवळच्या तिजोरीतला किलो? प्लॅटिनम-इरिडियमचा तो ठोकळा आणि त्याच्या प्रती शंभर वर्षांत एकमेकांपासून सुमारे 50 मायक्रोग्रॅमने ढळल्या. आपली 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. 50 मायक्रोग्रॅम म्हणजे थळच्या त्या दाण्याचे 130 तुकडे करा, त्यातला एक! एवढंही ढळणं जगाला चालेना. 20 मे 2019 पासून किलो ठोकळ्यावर ठरत नाही, प्लांकच्या स्थिरांकावर ठरतो.