बंड्यासाठी डॉक्टर पाहिजे!

आईने माझ्यासाठी जेवढी स्थळं पाहिली नाहीत, तेवढे डॉक्टर मी गेल्या वर्षभरात बंड्यासाठी पाहिले. ओके, जरा अतिशयोक्ती झाली. डॉक्टर तीनच. पण कांदेपोह्यांचं टेन्शन मात्र सेम टू सेम!

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर. वय वर्षं बारा, वजन 28 किलो. मी बारावीला असताना माझ्या अभ्यासाचं वाटोळं करायला तो घरात आला आणि मग इथलाच झाला. माझा पहिला जॉब, पहिला ब्रेकअप, 2020च्या लॉकडाऊनमधले सगळे कॉन्फरन्स कॉल, सगळ्याला साक्षीदार हाच. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात तो रात्री सोफ्याजवळ शू करायला लागला तेव्हा कुणी रागावलं नाही. ‘म्हातारा झालाय गं,’ म्हणत आईने तिथे रद्दी पेपर अंथरले. पाण्याचं भांडंही सारखं रिकामं दिसायचं. उकडत असेल बिचाऱ्याला, असं म्हणून आम्ही ते पुन्हा भरायचो. झालं!

पहिले डॉक्टर म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचे. बंड्याच्या लहानपणीच्या सगळ्या लसी त्यांनीच दिलेल्या. माणूस प्रेमळ, फी कमी. पण प्रत्येक वेळी एक इंजेक्शन आणि ‘पोटात गरमी आहे’ हे निदान. मागचा पाय लंगडतोय म्हटलं की आणखी एक इंजेक्शन. कागदावर कधी औषधाचं नाव नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. ऑफिसात साधी एक्सेल शीट आली तरी दहा प्रश्न विचारणारी मी, तिथे नंदीबैलासारखी मान हलवून परत यायचे.

आणि मग माझा पराक्रम. एका रात्री बंड्याला उठताच येईना. दवाखाना बंद. मी पर्समधली माझी पेनकिलर काढली, आयब्रुफेन असलेली, आणि अर्धी करून पोळीच्या तुकड्यातून त्याला दिली. माणसाला चालते, कुत्र्याला अर्धी चालेल, हे माझं लॉजिक. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या.

डॉक्टर नंबर दोन, एकदम चकाचक! एसी, सोफा, कॉफी मशीन. रक्त तपासलं, क्रिएटिनिन 3.4. ‘किडनी फेल्युअर. ॲडमिट करा.’ तीन दिवस सलाइन, रोज वेगळा डॉक्टर, रोज नव्याने सगळी कहाणी. ‘पुढे काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर, ‘बघू.’ डिस्चार्जच्या दिवशी क्रिएटिनिन 3.1 होतं. ते चांगलं की वाईट, कुणी सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने बिलासोबत ग्रूमिंगचं डिस्काउंट कूपन मात्र आठवणीने दिलं.

तिसरा पत्ता मिळाला तो सोसायटीच्या गेटवर. सकाळी सहाला कुत्री फिरवणाऱ्यांची जी गँग असते ना, तिच्याकडे सगळी खबर असते. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मालकांना शोधा आणि विचारा, असा माझा सल्ला. पिल्लांच्या मालकांचा उपयोग नाही, त्यांना सगळेच डॉक्टर छान वाटतात.

दवाखाना रिक्षाने वीस मिनिटांवर. अर्थात, कुत्रा बघून थांबणारी रिक्षा मिळाली तर! प्लास्टिकच्या खुर्च्या, गरगरणारा पंखा. डॉक्टरबाई पन्नाशीच्या. त्यांनी बंड्याला टेबलावर घेतलंच नाही, स्वतःच फरशीवर बसल्या.

‘पाणी किती पितो?’

‘खूप.’

‘खूप म्हणजे किती?’

आता आली का पंचाईत! मग दोन दिवस मापाने पाणी ठेवलं. सव्वातीन लिटर निघालं. कुत्र्याने दिवसाला किलोमागे 100 मिली.पेक्षा जास्त पाणी प्यायलं की कान टवकारायचे, म्हणजे बंड्याची मर्यादा 2.8 लिटर. सकाळची पहिली शू तपासायला आणा म्हणाल्या. तुम्ही कधी झोपाळलेल्या लॅब्रॅडॉरच्या मागे वरणाचा डाव घेऊन पळालायत? मी पळालेय. आईने तो डाव नंतर फेकून दिला.

मग बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. किडनीची राखीव ताकद भरपूर असते. साधारण तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही. त्याआधी लघवी पातळ होते, पाणी जास्त लागतं. म्हणजे आम्ही ज्याला उकाडा म्हणत होतो, ती पहिली घंटा होती. क्रिएटिनिन 2.9 ते 5 म्हणजे तिसरी स्टेज, चार स्टेजपैकी. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. लघवीतून प्रोटीन जातंय का बघायचं, बीपी मोजायचं (हो, कुत्र्यालाही बीपी असतं, पट्टा पायाला नाहीतर शेपटीला बांधतात), रक्तातलं फॉस्फरस ताब्यात ठेवायचं.

‘आधी कुठली औषधं दिलीत?’ मी पेनकिलरचं सांगून टाकलं. आई माझ्याकडे बघतच राहिली, तिला ठाऊक नव्हतं. बाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘ती गोळी पुन्हा कधीच नाही. कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ती विष आहे. तिने नुकसान केलंच नसेल असं मी म्हणणार नाही. पण पाणी त्याआधीपासून वाढलेलं होतं, हेही खरं.’ खोटा दिलासा नाही, झापणंही नाही. मी तिथेच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मस्कारा वाहवत रडले. पण आमचं स्थळ पक्कं झालं ते त्याच क्षणी.

आईच्या भाषेत सगळे ‘गुरांचे डॉक्टर’ असले तरी डिग्रीकडे नीट बघा बरं का. बी.व्ही.एस्सी. आणि व्हेटर्निरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हे मस्ट. पुढे एम.व्ही.एस्सी. असेल तर विषय विचारा, तो कोंबड्यांचाही असू शकतो! पण डिग्रीपेक्षा मला जास्त भावलं ते त्यांचं ‘हे माझ्याकडे होत नाही’ म्हणणं. सोनोग्राफीसाठी त्यांनी चिठ्ठी दिली ती परळची. बाबा लगेच खूश, ‘बैलघोडा हॉस्पिटल!’ बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलला जुने मुंबईकर याच नावाने ओळखतात. त्याच आवारात 1886 पासूनचं व्हेटर्निरी कॉलेज आहे. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं हॉस्पिटलही सुरू झालंय. पण मुलुंडहून दर आठवड्याला कोण जाणार? जुनाट दुखण्याला जवळचा डॉक्टर हवा, आणि मोठं हॉस्पिटल त्याच्या चिठ्ठीने.

खर्चाचंही त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. औषधं महिन्याला एवढी, तपासण्या एवढ्या, यातलं हे टाळता येणार नाही, ते चालेल. किडनीच्या पेशंटसाठी तयार मिळणारं महागडं खाणं बंड्याने हुंगून सोडून दिलं. नवाबच तो! मग त्यांनी घरचा तक्ता बनवला. भात, दुधी, अंड्याचा फक्त पांढरा भाग. कलेजी आणि हाडं बंद, त्यात फॉस्फरस फार. वरून जीवनसत्त्वं. बलक बाबा खातात, त्यांच्या कोलेस्टेरॉलवर वेगळा लेख होईल.

आता घरी एक फाइल आहे. तारीख, वजन, पाणी, भूक, उलटी. ऑफिसातल्या कुठल्याही प्रोजेक्टची मी इतकी टापटीप ठेवलेली नाही. बाई व्हॉट्सॲपवर दिवसभर उपलब्ध नसतात, मला त्याचं वाईटही वाटत नाही. रात्री आठ ते साडेआठ फोन घेतात. पण घेतात!

एक प्रश्न मी तीन महिने विचारला नाही. शेवटी विचारला. ‘कधी थांबायचं, ते कसं कळणार?’ त्यांनी उलट मलाच विचारलं, बंड्याला सगळ्यात काय आवडतं? पाववाल्याच्या सायकलची घंटा, गेटवरचा वॉचमन, आईच्या पायावर डोकं टेकून झोपणं, आणि मी आल्यावर माझी चप्पल पळवणं. ‘लिहून ठेवा,’ म्हणाल्या. ‘दर रविवारी बघायचं, यातलं काय उरलंय. दोनच उरलं की मला फोन करा, आपण बोलू. त्याला दुखत असताना तुमच्यासाठी थांबायला लावायचं नाही.’

चप्पल दिवाळीनंतर बंद झाली.

दर दोन दिवसांनी आम्ही घरीच त्याला कातडीखाली सलाइन देतो. बाटली खिडकीच्या ग्रिलला टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई आत. पहिल्या वेळी माझेच हात थरथरत होते, बाईंनी फोनवर धीर दिला. बाबा बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला शेअर बाजाराच्या बातम्या वाचून दाखवतात. या रविवारी सलाइन अर्धं झालं असताना खाली सायकलची घंटा वाजली. बंड्या सुईसकट उठला.