शिक्षा आणि शिक्षण

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात सकाळच्या वेळी भाजी तोलून झाली की विक्रेता गृहिणीच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर व चार मिरच्या वर घालतो. त्यांचे पैसे तो मागत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई चार दुकाने ओलांडून पुन्हा त्याच्याकडेच येते. इतक्यात एखादी मोकाट गाय कोणाच्या तरी टोपलीत तोंड घालते. पाठीवर काठी बसताच ती दूर होते, आणि थोड्याच वेळाने, ज्या टोपलीजवळ काठी नाही तेथे जाऊन उभी राहते. कोथिंबिरीने गिऱ्हाईक जोडले गेले. काठीने मात्र गायीला भाजी खाऊ नये हे शिकविले नाही. काठी कोठे आहे, एवढेच शिकविले.

मराठीत ‘शिक्षा’ हा शब्द दंड या अर्थी रूढ झाला आहे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे, शिकविणे असा आहे आणि हिंदीत आजही तो विद्येसाठीच वापरला जातो. शिकवावयाचे म्हणजे दंड करावयाचा ही समजूत मराठी भाषेतच जणू मुरून बसली आहे. ती कितपत खरी?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेल्या मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर पिंजऱ्यात कोंडावयाचे, अन्न बाहेर ठेवावयाचे आणि दार उघडण्याची कळ आत ठेवावयाची. प्रथम मांजर ओरबाडी, धडपडे. योगायोगाने कळ दाबली जाऊन दार उघडे. पुढे मात्र उत्तरोत्तर कमी वेळात ते बाहेर येऊ लागे. ज्या कृतीमागून सुख येते ती दृढ होते व जिच्यामागून दुःख येते ती दुबळी होते, असा नियम थॉर्नडाइक यांनी बसविला. परंतु १९३० च्या सुमारास या नियमाचा उत्तरार्ध त्यांनी स्वतःच पुष्कळसा मागे घेतला. सुखाने सवय जितकी जडते, तितकी ती दुःखाने सुटत नाही, असे त्यांना आढळले. पुढे बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिले की, बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून दिले तर सवय अधिकच चिवट होते. नऊ वेळा ‘नाही’ म्हणून दहाव्या हट्टाला खाऊ देणारी आई मुलाला दहा वेळा हट्ट करावयासच शिकविते, ते याच न्यायाने.

हा प्रश्न बडोद्याने केवळ पुस्तकात पाहिला नाही. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या कारभाराला पंचवीस वर्षे झाल्याप्रीत्यर्थ १९०६ च्या सुमारास ही मार्केटची भव्य इमारत बांधविली, तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले व ती नगरपालिकेस भेट दिली. त्याच १९०६ साली त्यांनी संस्थानभर सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा लागू केला. त्याचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलेला होता. सात ते बारा वर्षांचे मुलगे व सात ते दहा वर्षांच्या मुली यांनी शाळेत आलेच पाहिजे आणि मूल गैरहजर राहिल्यास पालकाने दंड भरला पाहिजे, असा तो कायदा होता.

या दंडाने काहीच साधले नाही असे म्हणता येणार नाही. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडताना बडोद्याचाच दाखला दिला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी शेकडा ७९.६ तेथे शाळेत जात होते. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच प्रमाण २१.५ होते. मुलींच्या बाबतीत ते आकडे ४७.६ आणि ४ असे होते. तरीही पुढील वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

तथापि दंडाला एक मर्यादा असते. इस्रायलमधील हायफा शहरातील बालवाड्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांवर काही बालवाड्यांनी दंड बसविला. तेव्हा उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी बाईंना खोळंबून ठेवल्याचा संकोच वाटे. आता त्या वेळेची किंमत मोजली जात होती, मग संकोच कशाचा? पुढे दंड रद्द केला तरी जुना संकोच परत आला नाही. ज्या घरी मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडास सांभाळते, तेथेही दंड असाच तराजूत पडतो. मुलाच्या श्रमाहून तो हलका भरला, की तो शिक्षा राहत नाही. मूल घरी ठेवण्याची किंमत ठरतो.

शिवाय वर्गात बसविलेले मूल शिकतेच असे नाही, आणि शिकलेले अक्षरही वाचावयास काही नसेल तर विसरले जाते. म्हणूनच सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून मोफत वाचनालयांची व फिरत्या पुस्तकपेट्यांची व्यवस्था उभारली. पुस्तक न वाचणाऱ्यास तेथे दंड नव्हता. वाचण्याचे बक्षीस वाचनातच होते.

बाहेरून दिलेले बक्षीस कधी हे आतले बक्षीस हिरावूनही घेते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांपैकी काहींना, चित्र काढल्यास सुंदर प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांची चित्रे काढण्याची ओढ कमी झालेली दिसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड टिकून राहिली. पहिल्यांच्या लेखी खेळाची मजुरी झाली होती.

या सर्वांहून कठोर धडा बडोद्यातच घडला. १९१३ मध्ये संस्थानाने भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची होती. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. राहावयास कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले. त्या दिवशी कामाठीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि बडोदे सोडले. दरबाराने ज्या विद्येला बक्षीस दिले, त्याच विद्यावंताला गावाने जातीसाठी शिक्षा केली. शिष्यवृत्ती एका खात्यातून मिळते. मनुष्याला वागणूक मात्र साऱ्या गावाकडून मिळते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. छडी गेली, तरी प्रश्न उरतोच. दंड किंवा बक्षीस देणाऱ्याने आपण काय दिले हे पाहून भागत नाही. घेणाऱ्याने त्यातून काय घेतले हे पाहावे लागते. काठीच्या भीतीने टोपली सोडणारी गाय पुढच्या टोपलीकडे जाते. मूलही तसेच जात असेल, तर त्याला अजून काही शिकविलेले नाही.