ब्रेक दाबतांच गाडी एकीकडे कां ओढते?

मोटारीचें इंजिन बंद पडलें तर गाडी फार तर वाटेंत उभी राहते. ब्रेकनें दगा दिला तर ती उभीच राहत नाहीं. म्हणूनच ब्रेकचे जुने भाग काढून नवे बसविले, नळ्यांतील हवा काढली, पैसे मोजून गाडी घरीं आणली, आणि तरीही ब्रेक दाबतांच ती डावीउजवीकडे ओढूं लागली, म्हणजे गृहस्थ गोंधळून जातो. अशा वेळीं बहुधा एकच उपाय सुचविला जातो : पुन्हा हवा काढा. तो पुष्कळदां निष्फळ ठरतो. कां ठरतो, हें समजण्यास ब्रेकची रचना ध्यानांत घेतली पाहिजे.

आरंभींच्या मोटारींत पायाचा जोर लोखंडी दांड्या व तारा यांच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचत असे. प्रत्येक दांडी वेगळी ताणावी लागे, आणि एखादी सैल राहिली कीं एक चाक आधीं अडे व दुसरें मागून. १९१७ सालीं माल्कम लॉकहीड यांना द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट मिळालें, आणि १९२१ सालीं ड्युसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. त्यामागील तत्त्व सतराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचें आहे : कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो.

या तत्त्वांतच कोड्याचें अर्धें उत्तर आहे. नळींत हवेचा बुडबुडा राहिला तर द्रवाऐवजीं हवाच दबते. म्हणून पेडल पायाखालीं स्पंजासारखें लवतें व खोल जातें. पण दोन्ही चाकें एकाच नळमार्गावर असतील, तर बुडबुडा कोणत्याही बाजूस असो, दाब अखेर दोहोंकडे सारखाच होतो. यास एक अपवाद आहे. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र नळमार्ग असतात, आणि पुष्कळ गाड्यांत पुढचें डावें चाक मागच्या उजव्या चाकाशीं जोडलेलें असतें. तेथें एका मार्गांत गळती किंवा पुष्कळ हवा असली तर गाडी ओढूं शकते. मात्र तेव्हां पेडलही खोल जातें. सारांश, पेडल मऊ तर हवेचा संशय घ्यावा. पेडल टणक असून गाडी ओढते, तर दोष चाकापाशीं शोधावा.

पण कोणत्या चाकापाशीं? गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावाच ब्रेक बिघडला, असें नव्हे. जोडींतील एक बैल अडला व दुसरा चालत राहिला, तर बैलगाडी अडलेल्या बैलाकडे वळते. तसेंच येथें होतें. गाडी अधिक धरणाऱ्या चाकाकडे जाते. म्हणून पुष्कळदां कच खाणारा ब्रेक विरुद्ध बाजूचा असतो. मागच्यापेक्षां पुढच्या चाकांवर अधिक भार येत असल्यानें शोधास आरंभ तेथूनच करावा.

नव्या भागांपासून उद्भवणारे दोष ठराविक आहेत. एकाच बाजूचे पॅड बदलले, किंवा दोन बाजूंस दोन बनावटींचे बसविले, तर पकड सारखी येत नाहीं. नव्या डिस्कवर गंज चढूं नये म्हणून लावलेलें तेल पुसलें नाहीं, किंवा ग्रीसचा हात लायनिंगला लागला, तरी तेंच. गळक्या सिलिंडराच्या तेलानें भिजलेलें लायनिंग धुऊन भागत नाहीं. गळती थांबवून तें बदलावें लागतें. ड्रमचे ब्रेक दोहोंकडे सारखे जुळविलेले हवेत. डावाउजवा कॅलिपर अदलाबदल होऊन हवा काढण्याचा निपल खालच्या बाजूस आला, तर कितीही वेळां हवा काढली तरी वरची हवा तेथेंच राहते. नवे पॅड डिस्कशीं पुरते बसेपर्यंत पहिले कांहीं दिवस किंचित् ओढ जाणवते. ती दिवसेंदिवस कमी झाली पाहिजे.

मात्र सर्वांत फसवा भाग म्हणजे न बदललेली जुनी रबरी नळी. बाहेरून ती धड दिसते, पण आंतून सुजून वाट अडविते. दाब उशिरा पोंचतो आणि पेडल सोडल्यावर उशिराच परततो. परीक्षा सोपी आहे. सपाट जागीं मागच्या चाकांस अडणी लावून पुढचीं चाकें उचलावीं, गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी व न्यूट्रलमध्यें ठेवावी. पेडल दाबून सोडावें आणि चाकें हातानें फिरवून पाहावीं. एकच चाक अडकलें, तर त्याचा निपल किंचित् सैल करावा. तेल उसळून चाक सुटलें, तर दाब कोंडून राहिला होता व नळी दोषी. न सुटलें, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या आहेत. परीक्षेनंतर निपल आवळून त्या चाकाची हवा पुन्हा काढावी.

या गंजाचें एक कारण तेलांतच असतें. नेहमींच्या वापरांतील ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरूं शकते, आणि लांब घाट उतरतांना त्याची वाफ होऊन पेडल एकाएकीं निकामी होतें. इंजिनचें तेल तर या नळ्यांत चुकूनही पडूं नये; त्यानें रबराच्या वायसरी फुगतात.

एवढें करूनही ओढ राहिली तर टायरमधील हवेचा दाब, चाकांची रेषा आणि सुकाणूचे सैल झालेले सांधे पाहावेत. कोरड्या रस्त्यावर हातानें सहज आवरणारी ओढ पहिल्या पावसांत निसरड्या डांबरावर गाडी फिरवून टाकते. तेव्हां सुकाणू घट्ट धरून वेळ मारून नेणें हा उपाय नव्हे. कारण सांपडेपर्यंत त्या गाडींतून मुलाबाळांना नेऊं नये, आणि दुरुस्तीनंतरची पहिली परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, मंद वेगानेंच घ्यावी.