रिपोर्ट तुमचे, होकारही तुमचाच

तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णासोबत एक प्लास्टिकची पिशवी असते. केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, घडीवर पुसट झालेलं डिस्चार्ज कार्ड. एखादा कागद घरी राहिला की तीच तपासणी पुन्हा आणि तोच खर्च पुन्हा. रुग्ण बेशुद्ध असेल आणि त्याला कोणतं औषध चालत नाही हे सांगणारं कुणी जवळ नसेल, तर गोष्ट जिवावर बेतते.

या पिशवीवर उपाय म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. त्यातला ‘आभा’ हा 14 अंकी आरोग्य-ओळख क्रमांक आता अनेकांकडे आहे. पण आपली सगळी फाईल दिल्लीतल्या एका संगणकात जमा होते, हा गैरसमजही तितकाच पसरला आहे. रिपोर्ट ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने तयार केला, तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरने तो मागितला की रुग्णाकडे विनंती येते: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या काळातले कोणते कागद, परवानगी कधीपर्यंत. होकार मिळाला तरच माहिती एन्क्रिप्ट होऊन पुढे जाते. दिलेला होकार मागेही घेता येतो. माझ्या मते या योजनेचं खरं मोल इथे आहे.

दोन रुग्णालयांची सॉफ्टवेअर निराळी असली तरी एकमेकांचं वाचता यावं म्हणून ‘एफएचआयआर’ ही सामाईक मांडणी ठरवली आहे. मात्र तिच्यातून नुसती पीडीएफही पाठवता येते. तसं झालं की डॉक्टरला कागद दिसतो, पण पाच वर्षांची साखर एका आलेखात पाहता येत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक लोक आधी जातात ते गल्लीतल्या छोट्या खासगी दवाखान्यात. तो जोडला गेला नाही, तर आजाराची सुरुवातच नोंदीतून गळते.

रिपोर्ट जागोजागी राहणार, म्हणजे प्रत्येक जागा सुरक्षित हवी. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम कागदावर करावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत झाली, तर छोट्या लॅबकडे सरकारने अधिकच लक्ष द्यायला हवं. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली असावी, असंही तो सांगतो. नोंदणीच्या खिडकीवर रांग मागून ढकलत असताना ‘आभा’साठी घाईने सांगितलेल्या ओटीपीला अशी संमती कसं म्हणायचं?

‘आभा’ ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. आणि जुना नियमही लक्षात ठेवा: रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्याच्या नोंदी देणं डॉक्टरवर 2002पासून बंधनकारक आहे. तेव्हा ओटीपी देण्याआधी कशासाठी ते विचारा, आणि आपले कागद हक्काने मागा.