शेजारचा सिलिंडरच साक्षीदार

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेली राजदूत ३५० आजही अनेक हौशी मंडळींनी जिवापाड जपली आहे. मूळ यामाहाची ही टू-स्ट्रोक गाडी ३४७ सीसीची आणि दोन सिलिंडरची. तिच्या मालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘एक सिलिंडर मारत नाही.’ गाडी किकला सुरू होते, पण आवाज फुटका येतो आणि चढावर दम निघतो. मग प्लग, कॉइल, पॉइंट सगळं एकदमच बदललं जातं. पैसे जातात आणि दोष नेमका कुठे होता, ते कळत नाही. तो शोधायला लागणारं सर्वांत मोलाचं साधन गाडीतच आहे. ते म्हणजे नीट चालणारा दुसरा सिलिंडर.

बॅटरी, चावीचा स्विच, टाकीतलं पेट्रोल, एअर फिल्टर या गोष्टी दोन्ही सिलिंडरना सामायिक आहेत. एक सिलिंडर व्यवस्थित मारतो आहे, म्हणजे त्यांच्यावरचा संशय बहुतांशी मिटला. उरतात ते प्रत्येकाचे स्वतंत्र भाग : पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, कार्ब्युरेटर, रीड व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा आणि क्रँकचं ऑइल सील.

आधी गप्प सिलिंडर कोणता, ते ठरवावं. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने सिलिंडरजवळच्या दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. चालू बाजूचा थेंब चर्र करून उडून जातो, बंद बाजूचा नुसता ओघळतो. आता त्या बाजूचा प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोचलं आहे, पण पेटलेलं नाही. बहुधा करंटचा दोष. कोरडा असेल तर इंधनच पोचत नाही. गाडी बरेच महिने उभी असली, की पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचं बारीकसं छिद्र बुजवतो. अशी गाडी आयडलिंगला एका सिलिंडरवर चालते आणि ॲक्सिलरेटर पिळला, की दुसराही मारू लागतो. कारण तेव्हा इंधन मेन जेटमधून येतं.

करंटची गोष्ट अधिक रंजक आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेलं हे विद्युत-चुंबकीय प्रवर्तन. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक सिलिंडरसाठी हे सेकंदाला १०० वेळा घडतं. पॉइंटमधली फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. कंडेन्सर खराब झाला, की उघडत्या पॉइंटवर ठिणग्या उडतात, पृष्ठभागाला खड्डे पडतात आणि कॉइलचा जोर जातो.

इथेच एक फसगत होते. प्लग बाहेर काढून किक मारली, ठिणगी दिसली, की ‘करंट आहे’ असा निकाल दिला जातो. पण वायूचा दाब वाढला, की तेवढीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेला हा नियम. मोकळ्या हवेत ठिणगी टाकणारी दुबळी कॉइल सिलिंडरमधल्या दाबाखाली हरू शकते. म्हणून मोकळ्या हवेत सहा मिलिमीटरची फट ओलांडणारी ठिणगी मिळते का, ते पाहावं. ही चाचणी प्लगच्या भोकापासून दूर करावी. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडू शकतो. प्लगचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकलेला हवा. ठिणगीला वाट मिळाली नाही, तर कॉइलचं आतलं इन्सुलेशन फुटू शकतं.

आता अदलाबदल. डावा सिलिंडर गप्प असेल तर आधी फक्त दोन्ही प्लग आपसात बदलावे. दोष उजवीकडे गेला, तर प्लग खराब. डावीकडेच राहिला, तर कॉइल आपसात बदलाव्या. मात्र पॉइंटकडून येणारी तार आणि प्लगची वायर, दोन्ही बदलायला हव्यात. या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. नुसत्या प्लगच्या वायरी बदलल्या, तर ठिणगी पिस्टन तळाशी असताना पडेल. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल बदलावी, नाही सरकला तर पॉइंट आणि कंडेन्सर तपासावे.

करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही सिलिंडर गप्पच असेल, तर गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून दोन्हीकडचं कॉम्प्रेशन मोजावं. एका बाजूचा आकडा बराच कमी आला, तर रिंगा किंवा गॅस्केटकडे वळावं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सीलही महत्त्वाचं. उजवं सील गेलं, तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो. डावं गेलं, तर हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं. अशी गाडी तशीच दामटली तर पिस्टन सीझ होण्याचा धोका असतो.

जुन्या गाड्यांचे अस्सल भाग आता सहज मिळत नाहीत. चांगला भाग संशयावरून काढून फेकणं म्हणूनच परवडणारं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदललं आणि काय झालं ते वहीत टिपून ठेवा आणि मगच पुढच्या भागाला हात लावा.